खुर्चीमागं उभी राहिलेली आई

रविवारी बाहेर जेवायला जायचं ठरलं, की घराघरांत पहिलं भांडण होतं ते 'कुठं' यावरून. लातूरच्या वैजनाथच्या घरात हे भांडण कधी झालंच नाही, कारण त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "ज्या हॉटेलापुढं गाडी लावायला जागा न्हाई, तिथं जायचं. एवढी माणसं काय येडी हायेत का?" पतसंस्थेत क्लार्क असलेला हा शहाणा माणूस डॉक्टरसुद्धा दाराबाहेरच्या चपला बघून निवडायचा!

त्या रविवारी निमित्त खास होतं. नायगावहून आलेल्या त्याच्या आईचं, साखराबाईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं. "आई, आज तुला लातुरातलं एक नंबर जेवण घालतो," असं म्हणून वैजनाथनं आईला आणि बायको पुनमला नांदेड रोडवरच्या एका नव्या हॉटेलात आणलं. रिक्षातून उतरता उतरताच तो म्हणाला, "आई, शुगरची गोळी घेऊन टाक. धा मिनिटांत ताट पुढं येतंय."

साखराबाईनं गोळी घेतली. लेकाच्या शब्दावर घेतली.

आत बघतात तर जत्रा भरलेली. आता आपल्याकडं लग्नाच्या पंगतीत काय चालतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. जेवणाऱ्याच्या खुर्चीमागं माणूस उभा राहतो, त्याच्या ताटात भात किती उरलाय ते बघतो, आणि तो उठायच्या आत बूड टेकवतो. खाणाऱ्याच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि उभ्याला लाज वाटत नाही! तीच रीत आपण आता हॉटेलातही नेलीय. वैजनाथ तर या विद्येत पटाईत. कुणाचं जेवण संपत आलंय ते त्यानं एका नजरेत हेरलं, पुनमला एका खुर्चीमागं उभं केलं, आईला दुसऱ्या, आणि स्वतः तिसरीमागं ठाण मांडलं.

"हालू नको हं आई. हाललीस की जागा गेली."

साखराबाईच्या पुढ्यातला गृहस्थ काही उठायचं नाव घेईना. त्यानं ताक मागवलं. ताक संपलं तर पापड मागवला. म्हातारी खुर्चीची पाठ धरून उभी होती. शेवटी ती म्हणाली, "वैजनाथ, लई भूक लागली रे. रस्त्यापलीकडं खानावळ दिसायलीय, तिथं बसू की."

"ती व्हय? आई, तिथं चिटपाखरू न्हाई. रविवारी दुपारी खानावळ रिकामी म्हणजे काय समजायचं? कायतरी खोट असणारच."

"तू खाऊन बघितलास का तिथं?"

"खायची काय गरज? दिसतंय की!"

पुनमला राहवलं नाही. "अहो, आईंनी गोळी घेतलीय. कधीपासून उभ्या आहेत त्या. चला ना तिकडं."

"तू गप गं. एवढी माणसं थांबलीत, ती काय खुळी म्हणून? जरा दम धरा."

साखराबाईच्या कपाळावर घाम आला. "बाळा, मला गरगरायलंय," ती म्हणाली. वैजनाथनं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. त्याचं सगळं ध्यान पुढच्या ताटात! "झालंच आता, आई."

आणि झालं. वैजनाथच्या पुढचा माणूस उठला, पण भलताच एक दांडगा मध्ये घुसून खुर्चीत बसला. वैजनाथचं टाळकं सरकलं. "ओ भाऊ, उठा! आमची जागा हाय ती! कधीपासून थांबलोय आम्ही!" त्यानं बाही मागं सारली. तोही काही कमी नव्हता. तू-मी, तू-मी सुरू झालं, आणि तेवढ्यात मागून पुनमची किंकाळी आली.

साखराबाई खाली पडली होती.

मंडळी, मी तुम्हाला पुढचं सांगतो तेव्हा आजही माझं डोकं फिरतं. म्हातारी पडली. दोघाचौघांनी "अरे, अरे" केलं. आणि तिची जागा मोकळी झाली म्हणून एक माणूस पुढं सरकून त्याच खुर्चीमागं उभा राहिला! आपण माणसं आहोत की कोण आहोत?

तिथं आईला आडवं करायलाही जागा नव्हती. वैजनाथ आणि पुनमनं तिला उचललं आणि रस्ता ओलांडून त्याच रिकाम्या खानावळीत नेलं. मालकीण शरणम्मा चुलीपुढून धावत आली. पुनमच्या तोंडून 'शुगरची गोळी' आणि 'उपाशी' एवढं ऐकलं, की साखर उतरलीय हे ओळखून तिनं पुढचं काही विचारलं नाही. म्हातारी शुद्धीवर होती, घोट गिळत होती. शरणम्मानं तिला बाकड्यावर टेकवून बसवलं आणि साखरेचं पाणी थोडं थोडं पाजलं. हळूहळू हातांची थरथर थांबली. मग शरणम्मानं गरम भाकरी आमटीत कुस्करून पुढं ठेवली, वर शेंगाची चटणी. साखराबाई जेवू लागली. वैजनाथच्या पुढ्यातही ताट आलं. पहिल्या घासाला तो बघतच राहिला.

"ताई, जेवण एवढं चांगलं हाय," तो म्हणाला, "मग तुमच्याकडं गर्दी का न्हाई?"

शरणम्मा भडकली. "तुम्ही येत न्हाईत म्हणून! एक जण दारातून डोकावतो, रिकाम्या खुर्च्या बघतो आन् निघून जातो. दुसरा त्याला जाताना बघून जातो. माझ्या भाकरीला नावं ठेवायची तर खाऊन ठेवा! न खाताच खोट काढता? मला लोक सांगतात, नात्यातली चार माणसं पुढं बसवून ठेव, गिऱ्हाईक आपसूक येतंय. मी म्हटलं, कणगीत ज्वारी असेस्तोवर भाकरी विकीन, पण माणसं मांडून ठेवणार न्हाई."

वैजनाथ खाली मान घालून उठला. आईच्या चपला पलीकडंच राहिल्या होत्या, त्या आणायला गेला. दारात आता रांग लागली होती. काय वाटलं कुणास ठाऊक, पुढच्या माणसाला त्यानं विचारलं, "पाव्हणं, इथं याआधी जेवलात का कधी?"

"न्हाई बुवा. गर्दी दिसली म्हणून थांबलो."

"आन् तुम्ही?"

"हे थांबले म्हणून आम्ही."

त्यानं पार शेवटपर्यंत विचारलं. त्या रांगेत एकानंही तिथला घास चाखलेला नव्हता! संतापानं लाल होऊन तो परत आला. चपला आईच्या पायाशी ठेवून म्हणाला, "आई, सगळे एकमेकांकडं बघून उभे हायेत! एकालाही ठाऊक न्हाई आत काय मिळतंय. काय मूर्ख माणसं!"

साखराबाईनं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"त्यांच्यावर कशाला चिडतूस रे? ती परकी माणसं. मी तुला म्हटलं, भूक लागलीय. गरगरायलंय म्हटलं. पण मी एकटीच सांगत होते ना. तुझ्या आईला भूक लागलीय, हे त्या समद्यांनी मिळून सांगितलं असतं, म्हंजे तुला खरं वाटलं असतं का?"

वैजनाथनं पुनमकडं बघितलं. पुनमनंही त्याची बाजू घेतली नाही. तो आईच्या पायाशी खालीच बसला आणि भर दुपारी, त्या रिकाम्या खानावळीत, मोठ्यांदा रडला. "चुकलो आई, लई चुकलो."

"चुकलासच," साखराबाई म्हणाली. "आता ऊठ, जेव. अन्न निवायलंय."

मंडळी, पुढचा निघाला म्हणून आपण निघतो, आणि त्याला आपण पाठीशी दिसतो म्हणून तो पुढं जातो. जेवणात असंच, मतदानात असंच, पोराला क्लास लावतानाही असंच! गर्दीला पोट असतं, पण जीभ नसते. आणि गर्दी कुणाची आई तर नसतेच. म्हणून आधी स्वतः चाखा, स्वतः विचार करा. आणि आपल्या शेजारी उभं असलेलं आपलं माणूस काय म्हणतंय, ते एकटं म्हणत असलं तरी ऐका.