टेलरकाकांचा कापलेला सीन

घरात तिला सगळे भोंगा म्हणत. हे नाव बाबांनी ठेवलं होतं. पाळण्यात ती रडायला लागली की तिसऱ्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागत म्हणे. शिलाई मशीनवरून मान न उचलता बाबा म्हणाले होते, "पोरगी नाही, भोंगा आहे." ते नाव चिकटलं ते चिकटलंच. गंमत म्हणजे शाळेत या भोंग्याचा कायम मूग गिळून कारभार. मग सोळाव्या वर्षी कुणीतरी तिला वादविवाद स्पर्धेत बळेबळे उभं केलं, ती जिंकली, आणि तेव्हापासून तिला असं वाटायला लागलं होतं की जगात अवघड असं काही नसतंच, लोक उगीच कण्हतात.

घरात कण्हण्याचं काम सध्या दादाकडे होतं. तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठ्या दादाने चार वर्षं खपून एक सिनेमा केला होता. लग्नासाठी शिवायला टाकलेला कोट वीस वर्षांनी न्यायला येणाऱ्या माणसाची गोष्ट. गावातल्या एका थिएटरने बारा तारखेपासून कसाबसा एक पडदा दिला, तोही एका अटीवर: पहिल्या खेळाला निम्म्या खुर्च्या भरल्या नाहीत, तर दुसऱ्या दिवशी सिनेमा पडद्यावरून खाली.

"पोस्टर?" आईने विचारलं.

"नाही."

"जाहिरात?"

"आई, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"मग लोकांना कळणार कसं? स्वप्नात जाऊन सांगणार आहेस?"

"मी सांगते," भोंगा म्हणाली. "फुकटात."

"परवा भूगोलाचा पेपर आहे तुझा," दादा म्हणाला.

"भूगोल कुठे पळतोय? पृथ्वी आहे तिथेच आहे."

बाबा खदखदून हसले. मशीनच्या पायट्यावरचा त्यांचा पाय थांबला. हसून झाल्यावर ते हातातल्या कापडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. पण हे नंतर आठवायचं होतं. तेव्हा कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी भोंगा संकलकाकडे गेली. सिनेमाची काटछाट करणारा हा माणूस, म्हणून सगळे त्याला कात्री म्हणत. सिनेमातलं काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही असा दादाचा हुकूम होता, म्हणून कात्रीने तिच्या पेनड्राइव्हवर कापून टाकलेले तुकडे घातले. "हा घे कचरा. यातलं काहीच सिनेमात नाही. हवं ते कर."

कचऱ्यात तिला बाबा सापडले.

सिनेमातले सगळे कपडे बाबांनीच शिवले होते, म्हणून दादाने त्यांना टेलरचं एका मिनिटाचं कामही दिलं होतं. आतल्या खोलीतून कोट घेऊन यायचं आणि म्हणायचं, "कोट तयार आहे, साहेब. मापं मात्र वीस वर्षांपूर्वीची आहेत." तुकड्यात बाबा दारात येतात, थांबतात. हातातल्या कोटाकडे बघतात, भिंतीकडे बघतात, खिसा चाचपतात. मग अगदी निरागस चेहऱ्याने विचारतात, "मी कशाला आलो होतो?"

भोंगा हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. कोणता नट असं थांबेल! तिने फोनवर एक ग्रुप काढला आणि तो बावीस सेकंदांचा तुकडा जसाच्या तसा त्यावर टाकला. खाली लिहिलं: "कशाला आलो होतो? बारा तारखेला कळेल."

संध्याकाळपर्यंत शाळेतल्या सगळ्यांनी तो पाहिला, आणि दोन दिवसांत शिक्षकांनीही.

मग तिची गाडी सुटली. बाबांच्या टेबलाखाली चिंध्यांचं पोतं होतं: अस्तराचे तुकडे, गणवेशाचे काठ, कुणाच्या तरी मखमली झग्याची शेपटी. तिने त्यांच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, एक रबरी शिक्का बनवून घेतला आणि प्रत्येक पट्टीवर उमटवला: "कशाला आलो होतो? १२ तारीख." त्या पट्ट्या ती आणि तिच्या मैत्रिणी जिथे तिथे बांधत सुटल्या. बसथांब्याच्या खांबाला, सायकलींच्या हँडलला, वाचनालयाच्या दाराच्या कडीला, दवाखान्याबाहेरच्या बाकाला, एका आळशी कुत्र्याच्या गळ्यात. सिनेमाचं नाव कुठेच नाही. लोक चक्रावले. पोरं त्या पट्ट्या मनगटाला बांधून हिंडू लागली. मग तिने स्पर्धा लावली: दारात या, थांबा, विसरा, आणि व्हिडिओ पाठवा. बक्षीस मखमलीची पट्टी! बँकेतला कारकून विसरला, नर्स विसरली, फुटबॉलचा अख्खा संघ मैदानाच्या मधोमध विसरला. तिच्या ग्रुपवर चार हजार माणसं झाली.

आणि घराच्या पुढच्या खोलीतल्या बाबांच्या दुकानाबाहेर रांग. शिवायला नव्हे, बघायला.

"काका, एकदा करा ना!"

बाबा गळ्यात टेप टाकून दारात यायचे, थांबायचे, इकडेतिकडे बघायचे. हशा पिकायचा. उभ्या आयुष्यात त्यांच्या शिलाईला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ते लाजून म्हणायचे, "आमच्या भोंग्याचा उद्योग आहे हा सगळा."

त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने सदरा परत आणला. दोन्ही बाह्या डाव्या. भोंग्याने त्याचाही फोटो टाकला: "टेलरकाका पुन्हा विसरले!" त्याला सगळ्यात जास्त पसंती मिळाली.

आई भाजी चिरत होती. हात न थांबवता म्हणाली, "चाळीस वर्षांत यांची बाही चुकली नाही कधी."

"अगं, लोकांना आवडलं ना पण!"

"लोकांचं काय जातंय. मला एक सांग, तू हसवतेस म्हणून ते थांबतात, की ते थांबतात म्हणून तू हसतेस?"

"आई, तुला ना, दुधातसुद्धा खडे सापडतात."

आईने चिरलेली भाजी पुन्हा एकदा चिरली.

बारा तारखेला सहा दिवस उरले तेव्हा पहिल्या खेळाची सगळी तिकिटं संपली. निम्मी नव्हे, सगळी. भोंगा उड्या मारतच कात्रीकडे गेली. शेवटच्या आठवड्यासाठी तिला बाबांचं आणखी काहीतरी हवं होतं.

"अकरा टेक आहेत," कात्री म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "बघायचे असतील तर बघ. मी जरा खाली जाऊन येतो."

पहिल्या टेकमध्ये बाबा दारात येतात, थांबतात. "मी कशाला आलो होतो?" मागून दादाचा आवाज येतो, "बाबा, वाक्य." दुसऱ्यातही तेच, तिसऱ्यातही. पाचव्यापर्यंत भोंगा हसत होती. सहाव्यात बाबांच्या कपाळावर घाम दिसला. आठव्यात त्यांनी कोट उलटा धरला होता, आणि उलटा कोट बाबा झोपेतसुद्धा धरणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. नववा टेक संपल्यावर कॅमेरा चालूच राहिला होता. दादा जवळ येऊन त्यांच्या कानात काहीतरी सांगतो, त्यांचा खांदा दाबतो आणि निघून जातो. बाबा शेजारच्या मेकअपवाल्या बाईकडे झुकतात आणि हळूच विचारतात, "हा मुलगा कोण हो? भला आहे. पण मला काय करायला सांगतोय ते कळत नाही."

भोंग्याने तो तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकला. दहावा आणि अकरावा तिने पाहिलाच नाही.

दादा थिएटरच्या कचेरीत खुर्च्यांचा नकाशा बघत होता. ती दारात उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "नववा टेक."

दादाने नकाशा खाली ठेवला.

"तुला माहीत होतं?"

"समोर उभा होतो मी. मला माहीत नसणार तर कुणाला? म्हणून तर कापलं." त्याचा आवाज चिरकला. "कुणाला दिसू नये म्हणून कापलं, आणि तू तेच अख्ख्या गावाला बांधत सुटलीस."

"मग बोलला का नाहीस?"

"पहिल्या दिवशी बोलणार होतो. पण तोवर लोक विचारायला लागले होते, तिकिटं कधी मिळणार म्हणून." तो तिच्याकडे बघेना. "चार वर्षं कुणी काही विचारलं नव्हतं गं. गप्प बसलो. दिवाळखोर माणसाचा देव गल्ला असतो, त्यातली गत."

"आईला माहीत आहे?"

"सगळ्यात आधी आईलाच."

म्हणजे घरात एकटी तीच आंधळी, आणि तीच दिवा घेऊन सगळ्यांच्या पुढे. आता सगळ्यांना खरं सांगून टाकायचं हे तिने येता येता ठरवलं. पण घरी पोचली तर बाबा दारात चार पोरांना ते करून दाखवत होते आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की ती तशीच आत गेली. उद्या सांगू, ती स्वतःशी म्हणाली. उद्याचा परवा झाला, परवाचा तेरवा.

अकरा तारखेला भर दुपारी तिच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. "नवा सीन!! टेलरकाका चौकात!!!"

चौकाच्या मधोमध बाबा उभे होते. हातात कुणाचं तरी शिवलेलं पोलकं, पायात एकच चप्पल. भोवती पन्नास-साठ माणसं, सगळ्यांचे फोन वर. बाबा बोलत होते, पण ते वाक्य नव्हतं. ते म्हणत होते, "मला घरी सोडता का कुणी?" लोक टाळ्या वाजवत होते. "पुन्हा एकदा, काका!" बाबा दुसऱ्या माणसाकडे वळले. "मला घरी सोडता का?" पुन्हा टाळ्या.

भोंगा धावली. फोन तिच्या हातात वाजतच होता, लोक हसरे चेहरे पाठवत होते. चौकात पोचल्यावर ती गर्दीत घुसली आणि आयुष्यभराचा सगळा आवाज एकवटून ओरडली, "थांबवा! हे नाटक नाहीये! माझ्या बाबांना खरंच आठवत नाहीये!"

सगळे फोन तिच्याकडे वळले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "क्या बात है, मुलगीपण आहे सीनमध्ये!" आणि टाळ्यांचा पाऊस पडला.

तिने पुन्हा तोंड उघडलं. या वेळी आवाज आलाच नाही. तिने बाबांचा हात धरला. तो थंड होता. त्या हाताने तिला ओळखलं की नुसतं धरलं, ते तिला कळलं नाही.

"चला."

"यांचं झालं का?" बाबांनी गर्दीकडे बघत विचारलं. "चांगलं झालं ना?"

"छान झालं, बाबा."

दोन गल्ल्या लोक त्यांच्या मागून टाळ्या वाजवत चालत आले.

घरी येऊन तिने ग्रुपवर सगळं लिहिलं. बाबांना विसरायला होतं. तो तुकडा अभिनय नव्हता आणि सिनेमात तो नाही. चूक माझी. ज्यांना तिकीट परत करायचं असेल त्यांनी करा. पुन्हा कधी ते असे उभे दिसले, तर हसू नका, त्यांना घरी आणून सोडा. दादाने ते वाचलं आणि स्वतः बटण दाबलं. उत्तरं आली: "काय लिहितेस गं!" "डोळ्यात पाणी आणलंस, उद्या नक्की येतोय!" "शेवट सांगू नकोस ना!"

एकही तिकीट परत आलं नाही.

बारा तारखेला दुपारी थिएटर गच्च भरलं. तिसऱ्या रांगेत आई, बाबा, भोंगा. सिनेमा चांगला होता. खरंच चांगला होता, आणि भोंग्याला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. तिला फक्त मागची कुजबुज ऐकू येत होती: "आता येतील... आता येतील बघ..." कोट आला. दुकानात खुंटीला एकटाच टांगलेला. माणसाने तो उतरवला, घातला, निघून गेला. पडदा काळा झाला आणि दिवे लागले.

"टेलरकाका कुठे आहेत?" मागून एकजण ओरडला.

"फसवलं!" दुसरा हसत म्हणाला, आणि मग सगळ्या थिएटरने ताल धरला. पाय आपटत, मनगटं उंचावत, अर्धे चिडून, अर्धे मजेत: "कशाला आलो होतो? कशाला आलो होतो?"

हाक आपल्यालाच आहे एवढं बाबांना कळलं असावं. ते उभे राहिले. आईने त्यांचा सदरा धरला, पण तो तिच्या हातून निसटला. तीनशे माणसं वळली. बघता बघता आवाज विरला आणि सगळे आनंदाने वाट बघू लागले.

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. भिंती, खुर्च्या, एवढे सगळे चेहरे. मग कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावर बोलावं तशा अदबीने ते म्हणाले, "आमच्या मुलाने सिनेमा केलाय. तुमच्यापैकी कुणी पाहिला का हो?"

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी फोन वर केलेला होता, तो हळूच खाली आला. कालपासून भोंगा ज्या शांततेसाठी जीव तोडत होती ती शांतता आली होती. तिला वाटलं, आता आपण इथून कायमचं नाहीसं व्हावं. दाराशी दादा भिंतीला टेकून उभा होता आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

बाबा अजून उत्तराची वाट बघत होते.

मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. साध्याशा, हातात पिशवी. पायऱ्या उतरत त्या खाली आल्या आणि बाबांच्या समोर उभ्या राहिल्या.

"हो, मी पाहिला," त्या म्हणाल्या. "चांगला केलाय तुमच्या मुलाने."

"हो का?" बाबांचा चेहरा फुलला. "मग आम्हालाही बघायला हवा एकदा."