आंब्यापासून डावीकडे

काटा दोन किलो दोनशेवर थरथरला, जरा खाली आला, पुन्हा तिथेच थांबला. झोळीतल्या बाळाने मूठ उघडली नाही. संगीताने आकडा वहीत लिहिला आणि उगाचच पुन्हा वाचला — सातवा दिवस, अंग ऊबदार, दूध ओढतंय... सगळं ठीक. मग हे रडत का नाही? रडलं असतं तर बरं वाटलं असतं.

गंगी कुडाला टेकून बसली होती. तिची सासू बारकी चुलीपुढे भाकरी थापत होती. मघाशी संगीता दारात आली तेव्हा बारकीने विचारलं होतं, आंब्याकडून आलीस की शाळेकडून. आंब्याकडून, असं संगीताने सांगितलंही होतं. दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आंबा तर नव्हताच. रस्ता रुंद करायला तो तोडला, त्याला वीस दिवस झाले होते.

सतरा वर्षं आशाताई म्हणून फिरताना आपल्या गावाच्या, झरीच्या, आसपासचे पाडे तिने असेच पाठ केले होते — तळ्यावरचा ताड, दगडी विहीर, आणि हा आंबा. दिवसा त्याची सावली रस्त्यावर आडवी पडायची. रात्री, चांदणं नसलं तरी, आभाळाहून काळा त्याचा घेर दिसायचा आणि पाय आपोआप डावीकडे वळायचे. गंगीला कळा सुरू झाल्या त्या रात्री ॲम्ब्युलन्सच्या नव्या ड्रायव्हरला तिने फोनवर सांगितलं, मोठा आंबा आला की डावीकडे. किती ठामपणे सांगितलं! तो बिचारा आंबा शोधत सरळ गेला, पार हायवेला लागला. तोवर पाड्यातल्या माणसांनी गंगीला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणलं होतं, आणि बाळ तिथेच, मोबाइलच्या उजेडात झालं. ते रडेना. संगीता त्याची पाठ चोळत राहिली — किती वेळ, ते तिला अजून सांगता येत नव्हतं.

आणि झाड पाडताना मी तिथे उभी होते ना... फांद्यांचा भारा मीच डोक्यावरून घरी नेला, आठवडाभर चुलीत घातला, त्याचा धूर माझ्याच डोळ्यांत गेला — तरी त्या रात्री डोळ्यांपुढे आंबा उभाच, पानांसकट. खोटं बोलले असते तर निदान मला ते ठाऊक तरी असतं.

गंगीचा नवरा मिथुन सगळ्यांना सांगत होता, ड्रायव्हर नवखा, त्याला रस्ताच माहीत नव्हता. संगीताच्या समोरही म्हणाला होता. तिने मान डोलावली होती.

तिने बाळाला झोळीतून काढून गंगीच्या मांडीवर दिलं.

"गंगी, ड्रायव्हरची चूक नव्हती. मीच त्याला आंब्याची खूण दिली."

बारकीचा हात भाकरीवर थांबला. गंगी बाळाचं टोपडं नीट करत राहिली, ते आधीच नीट होतं.

"मीपण आंबाच बघत होते, ताई," ती म्हणाली. "डोलीतून. म्हटलं आंबा आला की रस्ता आला. तो आलाच नाही."

एवढंच. बारकीने भाकरी तव्यावर टाकली. बोलणी खायची तयारी संगीताने सात दिवस केली होती. कोणी समजूत घातली असती तर रडायचीही. गंगीच्या बोलण्यात यातलं काहीच नव्हतं. जे झालं ते तिने सांगितलं होतं.

बाहेर ऊन उतरत होतं. संगीता ठरल्या वाटेने निघाली आणि विहिरीशी थबकली. विहीर होती. तरी तिने जवळ जाऊन कठड्यावर हात ठेवला, दगड तापलेला होता... असं आणखी काय काय मी बघत असेन, जे नाही? आणि जे आहे, त्याच्याजवळून किती वेळा तशीच गेले?

समोरून गवताचा भारा घेतलेली एक बाई आली. संगीताने तिला विचारलं, झरीला कुठून जायचं.

बाईने तिच्या खांद्यावरच्या आशाताईच्या पिशवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हसली नाही. भारा सावरत, हात करून, सावकाश सांगू लागली. आणि संगीता उभी राहून ऐकत राहिली, एकेक खूण मनात ठेवत, या मुलखात आजच आल्यासारखी — जराशी घाबरलेली, आणि का कोण जाणे, हलकी.