चौथी लाइन

म्हाताऱ्याने स्टूल उचललं, मीटरच्या बोर्डाखाली नेलं आणि त्यावर बसला. मेन स्विच बरोबर त्याच्या डोक्यावर आला.

"काका, मेन बंद केल्याशिवाय तपासता येणार नाही," हातात यंत्र घेऊन उभी असलेली वायरमन बाई म्हणाली.

"तपासा ना. नको कोण म्हणतंय? पण जे निघेल ते कागदावर लिहून द्यायचं. कारणासकट."

छत्तीस वर्षं त्याने लोकांच्या घरांत वायरी ओढल्या होत्या. हे घर तर पहिल्या खिळ्यापासून त्याच्या हातचं. आणि सुनेने त्याला न विचारता बाहेरून माणूस बोलावला. पाळण्यामागची भिंत गरम लागते म्हणे. तेवढ्यावरून पाच महिन्यांच्या नातीला तिने माहेरी नेऊन ठेवलं होतं. वायरिंग बदलल्याशिवाय आणणार नाही, एवढंच सांगून ती आज एकटी आली होती. नात पालथी पडायला लागली, हे त्याला फोनवर कळलं. उन्हाची भिंत गरम नाही तर काय गार लागणार, असं त्याने मुलाला चारदा ऐकवलं. मुलगा मध्ये पडायला नको म्हणून आज लवकरच कामावर गेला होता.

शेवटी तोच उठला. त्याच्या घरातला मेन दुसऱ्या कोणी पाडलेला त्याला चालला नसता.

पहिली लाइन चांगली निघाली. दुसरीही. तिसरीचा आकडा त्याने सुनेला मोठ्याने वाचायला लावला. तिने वाचला.

"काम पक्कं आहे," बाई म्हणाली. "नव्या घरांतही असं सापडत नाही."

"ऐकलंस ना? उद्या दूध नासलं तरी वायरिंगचंच नाव घ्याल तुम्ही लोक."

चौथ्या लाइनला यंत्राचा काटा शून्यावरून हललाच नाही. बाईने पुन्हा जोडून पाहिलं. ती पाळण्याच्या खोलीची लाइन होती. खोलीत जाऊन तिने भिंतीवरची लाकडी पट्टी उचकटली. वायरीचं वेष्टण तिच्या बोटांत करपलेल्या पापुद्र्यासारखं सुटून आलं.

हे वयाने झालेलं नाही, ती म्हणाली; वायर तापली आहे, पुन्हा पुन्हा तापली आहे. मग फ्यूज कसा उडाला नाही? तिने बोर्डातला चौथा फ्यूज उपसला आणि म्हाताऱ्यापुढे धरला. बारीक तारेच्या जागी तांब्याची जाड तार होती, तीही दुहेरी.

म्हाताऱ्याचा आवाज चढला. जन्मभर तो हेच लोकांच्या कानीकपाळी ओरडत आला होता. अशी तार सापडली म्हणून एका गिऱ्हाइकाचं चालू काम टाकून तो शिडी उचलून निघून आला होता.

"असं करणाऱ्याला घरात उभं करू नये. माणसं झोपतात तिथे. कुठल्या गाढवाने बसवली ही? आमच्या चिरंजीवांनीच असणार. येऊ दे आज घरी."

सुनेने आवाज चढवला नाही.

"बाबा, या बोर्डाला तुम्ही कोणाला हात लावू देता?"

त्याने फ्यूज उजेडात फिरवला. स्क्रूभोवती तारेचे दोन वेढे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उरलेलं टोक आत दुमडलेलं, बोटाला लागू नये म्हणून. बायकोच्या शेवटच्या हिवाळ्यात त्या खोलीत दिवसभर हीटर चालायचा. एका दिवसात तीनदा फ्यूज उडाला. तिसऱ्यांदा ती कुडकुडत म्हणाली होती, राहू द्या आता. त्याने राहू दिलं नव्हतं. थंडी सरेपर्यंतच ही जाड तार, असं तेव्हा ठरवलं होतं. त्याला चार वर्षं झाली. यंदा नातीसाठी तोच हीटर माळ्यावरून त्यानेच काढून दिला होता.

बाईने कागद गुडघ्यावर घेतला.

"कारण लिहायचं राहिलंय, काका." तिने पेन उघडलं. "जुनी वायर, असं लिहिते."

"वायरीवर ढकलू नका," तो म्हणाला. "लिहा. फ्यूजमध्ये जाड तार. घरमालकाने स्वतः बसवलेली."

तिने लिहिलं. त्याने ते वाचलं, खाली सही केली आणि कागद सुनेच्या हातात दिला. मग बोर्डाखालचं स्टूल उचलून बाजूला ठेवलं.