जमीनतोड डेक

दादांनी आयुष्यातली तेहतीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात माल नापास करण्यात घालवली. तपासनीस होते. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मालाला बाजारात मान होता, आणि त्यांच्या हाताखालच्या माणसांना अल्सर. निवृत्त झाल्यावर नापास करायला घरात एक बायको तेवढी उरली, आणि तो माल परत पाठवायची मुदत केव्हाच टळून गेली होती.

मग धाकटा भाऊ पत्ते घेऊन आला. धाकट्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. बायको जाऊन चार वर्षं झालेली. मुलगी नोकरीसाठी दूरदेशी गेली, ती जाताना पलंगाखाली खोकंभर पत्ते ठेवून गेली. हे राजा-राणीचे पत्ते नव्हेत. यात जमिनी असतात, प्राणी असतात, संकटं असतात. ज्याने त्याने साठ पत्ते निवडून आपला डेक बांधायचा. पाळी आली की एक पत्ता उचलायचा, हातात जमीन असली तर एक मांडायची, जमिनींच्या जोरावर प्राणी बोलवायचे आणि समोरच्याच्या अंगावर सोडायचे. उचलायला पत्ताच उरला नाही, तरी माणूस हरला.

दर शनिवारी चार वाजता दादांच्या जेवणाच्या टेबलावर डाव पडे. घरचा नियम असा, की हरणाऱ्याने तोंडाने ‘हरलो’ म्हणायचं आणि उठून सगळ्यांचा चहा करायचा. सव्वीस शनिवार दादाच उठले. लग्नानंतर छत्तीस वर्षांनी साखरेचा डबा कुठे असतो हे त्यांना कळलं, ते या खेळाच्या कृपेने.

चहा करण्याचं दादांना एवढं वाईट वाटत नव्हतं. त्यांना धाकट्याच्या तोंडून एकदाच ऐकायचं होतं, ‘हरलो, दादा.’ शाळेत पहिला धाकटा, आईचा लाडका धाकटा, पोहायला आधी शिकला तोही धाकटाच. बरं, हे सगळं त्याने काही जोर लावून केलं होतं असंही नाही. झालं आपलं. तेच जास्त झोंबत होतं.

तेव्हा दादांनी जमीनतोड डेक बांधायला घेतला. त्याचं तत्त्व सोपं आहे. आपण काही उभारायचं नाही. समोरचा जमीन मांडेल, की ती मोडायची. भूकंप, महापूर, टोळधाड, असे मुलीच्या खोक्यातले नासधुशीचे सगळे पत्ते दादांनी वेचून घेतले. शेवटी समोरच्याला चिरडायला चार राक्षस ठेवले. एक वही घातली, रकाने आखले आणि चाचण्या सुरू केल्या. चाचणीला माणूस लागतो. घरात माणूस एकच होतं.

वहिनी रोज सकाळी अकराला समोर बसत. पहिली जमीन मांडत, ती मोडली जाई. दुसरी मांडत, तिचंही तेच. तिसरी गेली, की हातातले पत्ते उपडे ठेवून म्हणत, “घ्या. जिंकलात तुम्ही.” आणि उठत. दादा वहीत लिहीत: शरणागती, तिसरी जमीन. पुढच्या ओळीत पुन्हा तेच. असे त्रेचाळीस डाव झाले. एकाही डावात राक्षस बाहेर काढायची वेळ आली नाही.

आता तपासनिसाच्या नजरेला हे टोचणारच. जे पत्ते त्रेचाळीस डावांत लागले नाहीत, ते कशासाठी सांभाळायचे? दादांनी चारही राक्षस नापास केले. चार जमिनीही जास्तीच्या ठरल्या. त्या आठ जागी ‘मशाल’ हा पत्ता भरला. मशाल खेळली, की आपल्याला दोन पत्ते जादा उचलता येतात, म्हणजे पुढची नासधूस लवकर हाती लागते. डेक असा घोटीव झाला, की एक पत्ता बदलायला जागा राहिली नाही.

शनिवारी धाकटा आला. पहिली जमीन मांडली, दादांनी भूकंप आणला. दुसरीवर महापूर. धाकट्याचा सगळ्यात गरीब प्राणीसुद्धा दोन जमिनींशिवाय यायला तयार नव्हता. तिसरी जमीन गेली, तेव्हा दादा खुर्चीत मागे टेकले आणि ऐकायला तयार झाले.

धाकट्याने चौथी जमीन मांडली.

दादांनी तीही मोडली. मग पाचवी. धाकटा पत्ता उचले, मांडता येण्यासारखं असलं तर मांडे, हातात फार झाले की एक टाकून देई. ज्याने उभं आयुष्य भिंग लावून दुसऱ्यांच्या सेकंदकाट्याकडे बघण्यात काढलं, तो बसून कंटाळेल असं दादांनी कशाच्या आधारावर धरलं होतं, ते वहीत कुठे नव्हतं.

तासाभराने दादांनी सुचवून पाहिलं, की अशा वेळी लोक डाव सोडतात, त्यात कमीपणा नसतो.

“मला घाई नाही,” धाकटा म्हणाला. “घरी तरी कोण वाट बघतंय?”

इथे दादांना पुष्कळ काही म्हणता आलं असतं. निदान, जेवूनच जा, एवढं तरी. त्यांनी टोळधाड टाकली.

सोळावी जमीन मोडली तेव्हा सहा वाजले होते. दादांनी पत्ता उचलायला हात पुढे केला, तर बोटं टेबलाच्या लाकडाला लागली. मशालींच्या उजेडात त्यांचे साठही पत्ते संपले होते. धाकट्याकडे अजून सोळा होते.

मग दादा म्हणाले, हा काही डाव नव्हे. “तिसऱ्या जमिनीलाच तू सोडायला हवं होतंस. सगळे सोडतात.”

“सगळे म्हणजे कोण?”

दादांनी वही पुढे केली. धाकट्याने दोन पानं वाचली आणि वहिनींकडे पाहिलं. त्या खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“मी कुठे हरत होते?” वहिनी घडीवरची नजर न काढता म्हणाल्या. “मला कामं होती.”

दादांनी ‘हरलो’ म्हटलं नाही. उठलेही नाहीत. शेवटी धाकटाच उठला, जिंकलेला असून त्याने तीन कप चहा केला, आपला कप विसळून पालथा घातला.

“दादा,” चपला पायात सरकवत तो म्हणाला, “दोन तास बसलो, एक पत्ता खेळू दिला नाहीस. माझे इथेच राहू देत.”

आठवडाभर दादा वहीत गुंतले होते. दोष सापडला. दोन मशाली काढून दोन राक्षस परत घेतले. आता डेकला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि हे ते स्वतः, तेहतीस वर्षांच्या अनुभवावर सांगायला तयार होते.

शनिवारी चार वाजले, साडेचार झाले. वहिनींना हाक मारली, तर त्या चपला घालून कुठेशा निघाल्या होत्या. कुठे ते त्यांनी सांगितलं नाही, दादांनी विचारलं नाही. मग दादांनी धाकट्याचा डेक समोरच्या खुर्चीपुढे ठेवला आणि दोन्हीकडून स्वतःच खेळू लागले. तिकडून एक जमीन, इकडून भूकंप. तिकडून एक, इकडून महापूर. तिसरी गेल्यावर ते उठले, टेबलाला वळसा घालून पलीकडच्या खुर्चीत बसले, आणि रिकाम्या जागेकडे बघून स्वच्छ आवाजात म्हणाले, “हरलो, दादा.”

एकदाचं झालं. पण नियम म्हणजे नियम. हरणारा उठला आणि त्याने एक कप चहा ठेवला.