तिसऱ्या मजल्याची नदीकडची बाजू

वाटाण्याएवढे शिशाचे मणी, दोरीत ओवलेले.

"नव्या चष्म्यात मी घुबडासारखी दिसते ना गं?"

टेबलावर सोडा-ब्रेडचे तुकडे, तीन ओळींत.

कपाळावर एक हात. साबणाचा वास.

लॅगन नदीवर बगळा.

बगळा हेझलचा. म्हणजे तिच्या खिडकीतून दिसणारा. हेझल बेलफास्टच्या एका सरकारी कचेरीत तिसऱ्या मजल्यावर टंकलेखन करायची. त्याच इमारतीच्या तळघरात युना मशीनवर पडदे शिवायची आणि वर जाऊन टांगायची.

त्या वर्षांत ब्रिटिश सरकारविरुद्ध लढणारे लोक सरकारी इमारतींबाहेर गाड्यांत बॉम्ब ठेवत. बाहेर बॉम्ब फुटला की खिडकीची काच सुऱ्यांसारखी आत येते. युनाचे जाळीचे पडदे खिडकीच्या दुप्पट लांब असत. जास्तीचं कापड खाली पेटीत चुण्या घालून ठेवायचं, काठात शिसं. धक्का बसला की पडदा फुगायचा, काच झेलायचा आणि शिशाच्या वजनाने तिच्यासकट खाली बसायचा.

"एवढं कापड?" हेझल नवा चष्मा सावरत म्हणाली. "माझ्या लग्नात एवढं नव्हतं. माझी खिडकी कधी?"

"आणखी थोडे दिवस. तोवर खिडकीकडे पाठ करून बस."

"मग बगळ्याकडे कोण बघणार? तुझा नवरा?"

युनाचा नवरा मॅलकी. गोदीतलं काम सुटल्यापासून घरीच. बायको कचेरीतून आली की म्हणायचा, "आल्या सरकारच्या खिडक्यांना झालर लावून!" तिच्या कामाबद्दल त्याने दुसरं काही कधी विचारलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी विचारलं.

"शिसं कशाला घालता गं काठात?"

युना लाजलीच. इतक्या वर्षांनी! तिने सगळं सांगितलं. ब्रेडचे तुकडे टेबलावर मांडून इमारत दाखवली.

"हा पहिला मजला, झाला. दुसरा, झाला."

"आणि तिसरा?"

"रस्त्याकडचा झाला. नदीकडची बाजू तेवढी राहिलीय."

मॅलकीने तो तुकडा उचलला, लोणी लावलं आणि खाल्ला.

"हुशार आहेस," तो म्हणाला.

त्या आठवड्यात ती मशीनवर गुणगुणत होती.

मग ती सकाळ. मॅलकीने तिच्या कपाळावर हात ठेवला.

"अगं, अंग तापलंय तुझं. आज पडून राहा."

त्याने चहा अंथरुणात आणून दिला. कपाखाली बशीसुद्धा. बशी रिकामी होते न होते तोच घरातली तावदानं थरथरली.

ती चपलांवरच धावली. कचेरीपाशी मुकादम गिल्मर भेटला. केसांत धूळ, डोळ्यांत पाणी.

"तुझे पडदे, युना! दुसऱ्या मजल्यावर कुणाला ओरखडासुद्धा नाही. पोत्यात बटाटे भरावेत तशी काच भरलीय त्यांत!"

"आणि तिसऱ्या?"

गिल्मरने टोपी काढली, परत घातली.

"बॉम्बची गाडी नदीकडच्या गल्लीत लावली होती. पडदे नव्हते नेमकं तिथेच. कुणी बोट ठेवून दाखवल्यासारखं."

घरी मॅलकी बटाटे सोलत होता.

"कुणाला सांगितलंस?" युनाने विचारलं.

"काय?"

"ब्रेडचं."

सुरी थांबली. "आधी फोन करून इशारा देणार होते ते बॉम्बवाले. इमारत रिकामी होणार होती, युना. शब्द दिला होता मला."

"रिकामी होणार होती, तर मला का झोपवून ठेवलंस?"

मॅलकीने पुढचा बटाटा उचलला. तो आधीच सोललेला होता. तरी त्याने सुरी फिरवली.

इस्पितळात हेझलच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. पावलं ऐकून तिने मान वळवली.

"युना? चपलांवरून ओळखलं. ताप उतरला का गं?"

"उतरला."

"बरं झालं बाई, त्या दिवशी तुला ताप आला. मी सगळ्यांना सांगते, देवाने वाचवली आमच्या युनाला."

युनाने पायाशी घसरलेली चादर वर ओढली. तिचा काठ बोटांत धरून चाचपला. काठात काहीच नव्हतं.

"बगळा आला होता का?" हेझलने विचारलं.

"आला होता."

हेझलच्या खिडकीचा पडदा स्फोटाच्या आदल्या संध्याकाळीच शिवून झाला होता. त्या सकाळी टांगायचा होता.