बारा आणि तेराच्या मधली रेघ

प्रश्न चोवीस. प्रत्येकाला उत्तरं दोनच, अ किंवा ब. प्रत्येक 'ब'ला एक गुण. बेरीज बारापर्यंत आली तर पडद्यावर पिवळी चौकट यायची, 'तुम्ही माणसांत रमणारे'. तेरा किंवा जास्त आली तर निळी, 'तुम्ही एकांतात फुलणारे'. चौकटीखाली नव्वद शब्दांचा परिच्छेद. सव्वीस दिवसांत अकरा हजार चारशे दोन जणांनी ही क्विझ सोडवली होती. त्यांतले एक प्रियदर्शिनीचे बाबा, धम्मपाल. त्यांचे गुण तेरा.

क्विझ प्रियदर्शिनीनंच बनवली होती. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून ती सीवूड्समधल्या एका छोट्या कंपनीत लागली होती आणि हे तिचं पहिलं मोठं काम. घरच्या ग्रुपवर लिंकही तिनंच टाकली, हौसेनं.

बाबा तळोज्याच्या कारखान्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. गेली सात वर्षं, रविवारची वंदना झाली की ते विहाराच्या मागच्या खोलीत टेबल टाकून बसत आणि येईल त्याचा फॉर्म भरून देत. स्कॉलरशिप, जातीचा दाखला, पेन्शन. क्विझ सोडवल्यापासून तीन रविवार ते गेलेच नव्हते.

चौथ्या रविवारी शहाजी स्वतःच वर आला. खालच्या मजल्यावर राहायचा, रिक्षा चालवायचा.

"जयभीम काका. आमच्या सोनमचा स्कॉलरशिपचा फॉर्म राहिलाय. परवा लास्ट डेट."

"जयभीम. सायबर कॅफेत भरून देतात की."

"दोनदा भरला, दोनदा रिजेक्ट. तुमच्या हातचा कधी परत येत नाय, काका."

"मला नाही जमणार आता. माझा स्वभावच नाही तो."

शहाजीला चेष्टा वाटली, तो हसला. मग बाबांचा चेहरा बघून चपला सरकवून खाली गेला.

"सात वर्षं होता स्वभाव, आन् आता नाही!" प्रियदर्शिनीची आई, सुंदराबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "दर्शू, बघ तुझ्या मोबाइलनं काय करून ठेवलं. माझ्याशीबी धड बोलनात. विचारलं तर म्हणतात, मी निळा आहे. निळे तर आपन सगळेच हाओत की!"

प्रियदर्शिनीला हसू आलं नाही. तिनं लॅपटॉप उघडून बाबांची नोंद काढली. एकूण वेळ एकोणीस मिनिटं. त्यांतली दोन मिनिटं चाळीस सेकंद एकट्या नवव्या प्रश्नाला. 'लग्नाच्या पंगतीत तुम्ही काय करता? अ. वाढायला उठता. ब. कोपरा धरून बसता.' उत्तर ब.

"बाबा, नवव्याला एवढा वेळ का लागला?"

"उठावंसं वाटतंच गं मला. पण तेव्हा गुडघा धरला होता ना."

"म्हणून ब?"

"खरं लिहा, असं तूच वर लिहिलं होतंस."

ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. शिवतेजला, म्हणजे तिच्या साहेबांना, निम्मे पिवळे आणि निम्मे निळे हवे होते. त्याशिवाय घराघरांत वाद होत नाहीत आणि लिंक फिरत नाही. म्हणून आधीच्या चाचणीतल्या सहाशे बारा जणांचे गुण ओळीनं लावून तिनं बरोबर मध्यावर रेघ मारली. सगळ्यात जास्त गर्दी तिथंच होती. तोच माणूस आठवड्यानं परत बसला तर त्याचे गुण सहज तीननं इकडेतिकडे होत. तसं एक वाक्य तिनं परिच्छेदात घातलं होतं. मोबाइलच्या पडद्यावर मावत नाही म्हणून ते काढलं गेलं, आणि ती हो म्हणाली होती.

हे सगळं तिनं बाबांना सांगितलं.

"म्हणजे तुला माझं काही कळलंच नव्हतं?"

"नाही बाबा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण मला कळलं ना. विहारातून आलो की माझं डोकं ठणकायचं. सांगणार कुणाला? वाटायचं, लोकांचं करतो आणि मनातून वैतागतो, म्हणजे आपल्यातच खोट आहे. तुझ्या परिच्छेदानं सांगितलं, असं असतं माणसांचं. केवढं हलकं वाटलं मला."

ती म्हणाली, "आणि सोनमचा फॉर्म?"

बाबांनी लॅपटॉपकडे हात केला. "आण इकडे. आता गुडघा बरा आहे. परत सोडवतो. बारा आले तर खाली जातो, फॉर्म भरतो."

एकदा पुन्हा मोजून काही सिद्ध होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नको म्हणायला हवं होतं. पण तिला बारा हवे होते. तिनं लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. सुंदराबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

बाबा कुठंही अडले नाहीत. वाचत होते, बोट टेकवत होते, पुढे जात होते. शेवटच्या प्रश्नानंतर त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

एकूण वेळ चार मिनिटं दहा सेकंद. नववा प्रश्न, उत्तर ब, तीन सेकंद. गुण एकवीस.