गुन्हा कबूल नाही

हिराबाईंना चेटकिणीचं काम मिळालं ते त्यांच्या पांढऱ्या केसांमुळे. "विगचा खर्च वाचला, काकू," दीपाली हसून म्हणाली होती.

वारज्याच्या त्या सोसायटीत यंदा हॅलोविनला नुसते मुखवटे नव्हते, रहस्यकथेचा खेळ होता. कथा दीपालीनेच रचलेली. राजवाड्यातून छोटा राजपुत्र नाहीसा होतो. मुलं गुप्तहेर होऊन संशयितांना गाठतात. शेवटी चेटकीण "मीच खाल्लं त्याला" म्हणते आणि लाल जिलेटीन कागदाच्या होळीत जाते. मग केक.

नात दीक्षा मागे लागली म्हणून हिराबाई तयार झाल्या. पण काळा झगा अंगावर आणि टोकदार टोपी डोक्यावर चढली आणि त्यांना वर्ध्याकडची सोजरमावशी आठवली. गावात तापाने पोरं गेली, तेव्हा बोटं मावशीकडे वळली. विधवा, एकटी, स्वतःशी बोलणारी. तिने काय केलं, कसं केलं, कुणी विचारलं नाही. ओढत वेशीबाहेर नेली. मारून मारून शेवटी तिच्याकडून "हो" वदवून घेतलं. हिराबाईंच्या आईवडिलांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन घरातले देव नदीत सोडले होते, देवांबरोबर भुतंही. गावाने काहीच सोडलं नव्हतं. ते "हो" हिराबाईंनी आईच्या पदराआडून ऐकलं होतं.

हॉलमध्ये चांगलीच गर्दी झाली. गुप्तहेरांचा म्होरक्या वरद पुढे आला.

"चेटकीण, गुन्हा कबूल कर!"

"कबूल नाही."

मुलं खिदळली. दीपालीने पडद्याआडून खुणावलं, "काकू, 'हो' म्हणायचंय!"

"मला माहीत आहे काय म्हणायचंय ते. पुरावा काय रे, वरद?"

"तुमच्याकडे झाडू आहे!"

"तुझ्या घरी नाही? मग केर कोण काढतं, राजपुत्र?"

मोठी माणसंही हसली. समुद्री चाच्याच्या वेशातले सोसायटीचे अध्यक्ष रावसाहेब पुढे झाले. "अहो हिराताई, खेळ आहे हा. केक वितळतोय."

"खेळच आहे ना? मग नीट खेळा."

दीपाली आता बाहेरच आली. "काकू, शेवट असाच आहे. चेटकीणच असते हो शेवटी!"

"मग रहस्य कसलं त्यात? इथे प्रत्येकाने तोंड झाकलंय, एकटी मी उघड्या तोंडाची. आणि चोर मीच? तू पुराव्याआधी माझी टोपी शिवून ठेवलीस, दीपाली. माझ्या मावशीचं गावाने असंच केलं होतं. तिच्याकडून 'हो' म्हणवून घेतलं. माझ्याकडून कुणी घेणार नाही. खेळातसुद्धा नाही."

हिराबाईंनी खुर्ची ओढली, ती होळीच्या अगदी समोर मांडली आणि झगा सावरून ऐसपैस बसल्या.

"आजी हलणार नाही," दीक्षा वरदला म्हणाली. "मी ओळखते तिला. खरंच शोधावं लागेल आता."

वरदने दीपालीकडे पाहिलं. ती केकवरच्या मेणबत्त्या उगाचच सरळ करत होती. तो वळून सरळ रावसाहेबांसमोर उभा राहिला.

"काका, राजपुत्र नाहीसा झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मी? अरे, मी अध्यक्ष आहे!"

"ते नाही विचारलं," वरद म्हणाला.

"शाब्बास!" चेटकीण खुर्चीतून कडाडली. "सोडू नकोस त्याला."